संक्षेपलेखनातील नियमांची उतरंड



आपल्याकडे पत्र लिहिण्याची एक जुनी शिस्त होती. वडीलधाऱ्यांना लिहावयाचे तर आरंभी ‘ति. स्व.’, धाकट्यांना ‘चि.’, आणि मायन्यानंतर ‘सा. न. वि. वि.’ ही चार अक्षरे. लिहिणाऱ्याने चार अक्षरे लिहावीत आणि वाचणाऱ्याने ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ असे पूर्ण वाचावे, असा तो अलिखित करार होता. कार्यालयीन लेखनातही तीच रीत. एखाद्या अर्जावर ‘रा. मांद्रे, ता. पेडणे’ असे लिहिलेले असते आणि त्याच अर्जाच्या तळाशी ‘ता. ५ जून’ असते. पहिला ‘ता.’ तालुक्याचा, दुसरा तारखेचा. दोहोंतील अक्षर एकच. तरी पेडणे नावाची तारीख किंवा पाच जून नावाचा तालुका शोधीत कोणी बसत नाही. पुढे गावाचे नाव आहे की अंक आहे, यावरून मनुष्य आपोआप निर्णय घेतो.

हाच निर्णय यंत्राला घ्यावयाचा असेल तर काय करावे लागते, हा आजच्या भाषणाचा विषय होय. विषय तांत्रिक वाटला तरी त्याचा संबंध गावच्या शाळेशी आणि पंचायतीच्या संकेतस्थळाशी पोचतो. गोव्यात २०२१ पासून ‘केअर्स’ या योजनेखाली सहावी ते आठवीच्या मुलांना संगणकाला आज्ञा लिहिण्याचे, म्हणजे कोडिंगचे, शिक्षण देण्यास आरंभ झाला. अशा शिक्षणातून मुले पुढेमागे वेबपृष्ठे रचू लागतात, आणि वेबपृष्ठ रचणाऱ्याच्या हाती बहुधा लवकरच एक संक्षेपलेखनाचे साधन येते. त्याचे नाव ‘एमेट’.

वेबपृष्ठ एचटीएमएल नावाच्या खुणांच्या भाषेत लिहिले जाते. प्रत्येक परिच्छेदाला, यादीला, चित्राला आरंभाची एक आणि बहुतेकांना शेवटाची एक खूण द्यावी लागते. पाच ओळींची यादी करावयाची तर बारा खुणा हाताने लिहाव्या लागतात आणि त्यांतली एक जरी राहिली तरी पृष्ठाची घडी विस्कटू शकते. या कंटाळवाण्या कामावर सेर्गेई चिकुयोनोक या रशियन तंत्रज्ञाने उपाय काढला. २००९ च्या सुमारास तो ‘झेन कोडिंग’ या नावाने प्रसिद्ध झाला आणि पुढे त्याचे नाव ‘एमेट’ झाले. यादीच्या खुणेचे नाव, पुढे मोठेपणाचे चिन्ह, मग ओळीच्या खुणेचे नाव, मग तारांकन आणि पाच, एवढे लिहून एक कळ दाबली की बाराही खुणा आपापल्या जागी उभ्या राहतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणलेल्या ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’ या बहुप्रचलित संपादकात हे साधन अंगभूतच असते. वेगळे बसवावे लागत नाही.

आता आपला ‘ता.’ येथेही भेटतो. ‘पी’ हे एकच इंग्रजी अक्षर लिहून कळ दाबली, तर पृष्ठाच्या मजकुरात त्याचा परिच्छेद होतो. आणि तेच अक्षर पृष्ठाची सजावट सांगणाऱ्या फाइलीत लिहिले तर ‘पॅडिंग’, म्हणजे मजकुराभोवतीची मोकळी जागा, असा विस्तार होतो. साधनाला प्रथम विचारावे लागते की आपण कोणत्या प्रकारच्या लेखनात आहोत. प्रकार दोन, मजकुराचा आणि सजावटीचा. आणि प्रत्येक प्रकारात पुन्हा अनेक लेखनपद्धती. मजकुराच्या प्रकारात एचटीएमएल आहे, एक्सएमएल आहे, पग आहे. सजावटीच्या प्रकारात सीएसएस आहे, सास आहे, स्टायलस आहे. भाऊबंदांत असतात तसे त्यांच्यातही बारीकसारीक भेद आहेत. त्यामुळे एकच नियम सर्वांना लावून चालत नाही, आणि प्रत्येकासाठी सर्व नियम नव्याने लिहावयाचे म्हटले तर लिहून संपत नाहीत.

यावर काढलेली तोड म्हणजे नियमांची उतरंड. आपल्या घरांतून पूर्वी मडक्यांची उतरंड असे. सर्वांत मोठे मडके तळाशी आणि लहानात लहान अगदी वर. एमेटच्या उतरंडीत सहा मडकी आहेत असे समजावे. अगदी तळाशी निर्मात्याने सर्वांसाठी घातलेले मूळ नियम. त्यावर निर्मात्याचेच, पण केवळ त्या प्रकारापुरते. त्यावर निर्मात्याचेच, पण एका विशिष्ट लेखनपद्धतीपुरते. येथे निर्मात्याचा अधिकार संपतो आणि वापरणाऱ्याचा सुरू होतो. चौथ्या मडक्यात वापरणाऱ्याने प्रकारासाठी घालून दिलेले नियम, पाचव्यात त्याने विशिष्ट लेखनपद्धतीसाठी दिलेले, आणि सर्वांत वर त्या घटकेच्या कामापुरती दिलेली सूचना. एखादी गोष्ट हवी असली की वरच्या मडक्यात प्रथम पाहावयाचे. तेथे ती नसेल तर खालच्यात, तेथेही नसेल तर त्याखालच्यात. कोठेच नसली तरी तळाच्या मडक्यात बहुधा असतेच.

येथे एक बारकावा आहे आणि तो न कळल्याने पुष्कळांचा घोटाळा होतो. वरचे मडके खालच्याला पूर्णपणे झाकून टाकीत नाही. निवड एकेका बाबीची होते. वापरणाऱ्याने वरच्या थरात एकच बाब लिहिली, तर तेवढी एकच बदलते. बाकीच्या सर्व बाबी खालून जशाच्या तशा वर येतात. हा न्याय पेडणे-डिचोलीच्या लोकांना नवा वाटू नये. हे दोन्ही महाल नव्या काबिजादीतले. पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेले, डिचोली त्याआधी काही वर्षे. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी या जुन्या काबिजादीत पोर्तुगीज अंमल दोन-अडीच शतके आधीपासून होता. नव्या मुलखात मात्र लोकांचे रीतिरिवाज मानून चालणे राज्यकर्त्यांना भाग पडले. पुढे पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता १८ नोव्हेंबर १८६९ च्या हुकूमनाम्याने सागरापलीकडील प्रदेशांना लागू झाली आणि १ जुलै १८७० पासून तिचा अंमल सुरू झाला. परंतु त्याच हुकूमनाम्यात नव्या काबिजादीतील रूढींचा अपवाद राखून ठेवलेला होता. १६ डिसेंबर १८८० च्या हुकूमनाम्याने गोव्यातील हिंदूंच्या रूढी आणि चालीरीतींची सुधारित नियमावली आली, ती जुन्या आणि नव्या अशा दोन्ही काबिजादींतील हिंदूंसाठी. विवाहविधी, एकत्र कुटुंब अशा बाबींत ही नियमावली बोलते तेथे ती चालते. ती मूक असेल तेथे खालच्या थरातील सर्वसामान्य संहिता वर येते. १९६१ च्या मुक्तीनंतर संसदेने १९६२ चा प्रशासन अधिनियम करून प्रचलित कायदे सक्षम विधिमंडळाने बदलीपर्यंत चालू ठेवले आणि त्यावर आणखी एक थर चढला. त्यानंतर जसजसे नवे अधिनियम आले, तसतशी त्या त्या विषयातील जुनी तरतूद हटली. इतर विषयांतील राहिली. वारसाच्या कामासाठी नोटरीकडे गेलेल्या कोणत्याही गृहस्थाने हे थर आपल्या डोळ्यांनी पाहिलेले असतात.

साम्य एवढ्यावर थांबवावे हे बरे. दोन थरांत विरोध आल्यास कायद्यात त्याचा निवाडा न्यायालयाने करावयाचा असतो. वकील दोन्ही बाजू मांडतात, वर्षे जातात. यंत्राजवळ न्यायाधीश नाही. म्हणून त्याचा क्रम आधीच, कायमचा, ठरवून ठेवावा लागतो. हा प्रश्न आपल्या परंपरेला अपरिचित नव्हता. पाणिनीने व्याकरणात सामान्य नियमाला उत्सर्ग आणि विशेषाला अपवाद मानून चालणारी रचना केली, आणि तुल्यबळ सूत्रांत विरोध आल्यास नंतरचे सूत्र बलवान धरावे असेही सांगून ठेवले. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने संगणकाची कल्पना केली होती, असला अर्थ त्यातून कोणी काढू नये. नियम पुष्कळ झाले की त्यांची प्रतवारी लावणे कोणालाही चुकत नाही, एवढेच त्यातून दिसते.

एमेटमध्ये ही प्रतवारी कशी आहे? सामान्यापेक्षा विशेष बलवान, हे तत्त्व तेथे आहे. पण ते एका अधिकाऱ्याच्या हाताखालील नियमांपुरतेच. निर्मात्याचे तीन थर एकमेकांत या न्यायाने चालतात आणि वापरणाऱ्याचेही तसेच. परंतु निर्माता आणि वापरणारा यांच्यात प्रश्न आला की वापरणाऱ्याचा सामान्य नियमदेखील निर्मात्याच्या विशेष नियमावर मात करतो. याचे उदाहरण घ्यावे. सजावटीच्या बहुतेक लेखनात ओळीच्या शेवटी अर्धविराम लागतो. सास नावाच्या पद्धतीत तो देण्याचा रिवाज नाही. निर्मात्याने हे जाणून सासच्या मडक्यात ‘ओळीअखेर काही नको’ असे लिहून ठेवलेले आहे. आता एखाद्याने आपल्या थरात, सर्व सजावटीसाठी म्हणून, ‘ओळीअखेर अर्धविराम द्यावा’ असे लिहिले, तर त्याला वाटेल की आपण जे आधीच होते तेच पुन्हा लिहिले, बिघडले काय? पण त्याच्या या एका ओळीने निर्मात्याचा सासपुरता अपवाद पुसला जातो आणि सासमध्येही अर्धविराम पडू लागतात. इलाज असा की सर्वसाधारण नियम लिहावयाचाच असेल तर सासच्या थरात आपला स्वतंत्र अपवादही लिहावा. नाहीतर मुळात लिहूच नये. दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा. जे तळाशी आहे ते वर पुन्हा लिहिण्याची हौस अनेक घोटाळ्यांचे मूळ असते, हे कार्यालयीन परिपत्रकांचा अनुभव असलेल्यांना सांगावयास नको.

त्यात आणखी गंमत अशी की ज्या संपादकात एमेट राहते त्या व्हिज्युअल स्टुडिओ कोडची स्वतःची उतरंड निराळी आहे. तेथे मूळ, वापरणाऱ्याची आणि प्रकल्पाची अशी सेटिंगे एकावर एक असतात आणि प्रकल्पाची वापरणाऱ्याच्या वर. मात्र एका विशिष्ट भाषेपुरती म्हणून लिहिलेली संपादनाची सेटिंग भाषा न सांगता लिहिलेल्या सेटिंगला हटवते, मग ती दुसरी वरच्या थरात असली तरीही. म्हणजे एकाच छताखाली दोन कारभारी: एक आधी अधिकार पाहतो, दुसरा आधी विशेषत्व पाहतो. ‘मी सेटिंग बदलले तरी ते लागत का नाही?’ या विद्यार्थ्यांच्या नित्याच्या तक्रारीचे कारण पुष्कळदा येथे सापडते.

आता मुख्य मुद्दा. एमेटमध्ये नवीन पृष्ठाचा सांगाडा उभा करण्यासाठी केवळ एक उद्गारचिन्ह लिहून कळ दाबावी लागते. संपूर्ण सांगाडा तयार होतो. त्या सांगाड्याच्या आरंभीच्या खुणेत ‘लँग’ नावाची एक नोंद असते. हे पृष्ठ कोणत्या भाषेत आहे, हे ती सांगते. वरच्या पाच मडक्यांत याविषयी काहीच नसेल तर तळाच्या मडक्यातील मूल्य येते, आणि ते मूल्य ‘ई-एन’, म्हणजे इंग्रजी, असे आहे. समजा, कोरगावच्या एखाद्या शाळेतील मुलांनी गावच्या देवळांविषयी शुद्ध मराठीत पृष्ठ लिहिले, किंवा मयेच्या पंचायतीसाठी कोणी ग्रामसभेची सूचना मराठीत चढविली. वाचणाऱ्याला सारे मराठी दिसेल. पण पृष्ठाच्या कपाळी इंग्रजी अशी चिठ्ठी चिकटलेली राहील. संगणक तक्रार करणार नाही, कोठे तांबडी रेघ येणार नाही, छपाईही नीट होईल. उणीव डोळ्यांना दिसत नाही; ती कानांना कळते.

दृष्टिहीन व्यक्ती संगणक वापरते ती स्क्रीन रीडर या साधनाच्या आधारे. पडद्यावरील मजकूर ते साधन मोठ्याने वाचून दाखविते. ‘एनव्हीडीए’ हे त्यांपैकी विनामूल्य मिळणारे साधन २००६ पासून ऑस्ट्रेलियात विकसित होत आले आहे, आणि त्याच्या सोबत येणाऱ्या आवाजांत मराठी आणि कोंकणी या दोन्ही भाषांची सोय आहे. असे साधन आवाज बदलते ते बहुधा भाषेच्या त्या चिठ्ठीवरून. चिठ्ठी इंग्रजीची असली तर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हाती जातो; काही आवाज देवनागरी अक्षरे गाळतात, काही ती वेडीवाकडी उच्चारतात, काही सांभाळून घेतात. ग्रामसभेची तारीख आणि विषय एखाद्या नागरिकाला ऐकू यावेत की न यावेत, हे असे नशिबावर राहते. वेबपृष्ठांच्या सुगम्यतेचे जे जागतिक निकष २००८ मध्ये सुधारून प्रसिद्ध झाले, त्यांत पृष्ठाची भाषा यंत्राला कळेल अशा रीतीने नोंदविणे ही अगदी पहिल्या पातळीची अट आहे. आपल्या देशातही २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कविषयक अधिनियमानंतर सुगम्यता ही केवळ सौजन्याची गोष्ट राहिलेली नाही.

शिक्षकांना जवळची वाटेल अशी आणखी एक गोष्ट. देवनागरीतील ‘ल’ आणि ‘श’ यांचे मराठी आणि हिंदी घाट वेगळे आहेत. मराठीचा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरावा, असा आग्रह महाराष्ट्र शासनाने २०२२ च्या आदेशात धरला. संगणकावरील कित्येक देवनागरी अक्षरसंचांत हे दोन्ही घाट भरलेले असतात आणि कोणता दाखवावयाचा हे पुन्हा त्या भाषेच्या चिठ्ठीवर ठरते. चिठ्ठी मराठीची नसेल तर पाटीवर मूल जो ल गिरवते तो त्याला स्वतःच्याच पृष्ठावर दिसत नाही.

उपाय एका ओळीचा आहे. प्रश्न ती ओळ कोणत्या मडक्यात घालावयाची एवढाच. संपादकाच्या सेटिंगमध्ये ‘एमेट व्हेरिएबल्स’ या नावाखाली ‘लँग’ या बाबीचे मूल्य मराठीसाठी ‘एम-आर’ असे लिहावे. शिक्षकाने ते स्वतःच्या, म्हणजे वापरणाऱ्याच्या, थरात लिहिले तर ते त्याच्या संगणकावर आणि त्याच्या खात्यापुरते चालेल. प्रयोगशाळेतील इतर यंत्रांवर मुले काम करतील तेथे तळाचे इंग्रजीच वर येईल, आणि ‘सरांच्या संगणकावर बरोबर, आमच्यावर चूक’ असा गोंधळ होईल. म्हणून ही ओळ प्रकल्पाच्या थरात घालणे श्रेयस्कर. प्रकल्पाची सेटिंगे त्या कामाच्या फोल्डरमध्येच एका लहानशा फाइलीत राहतात. फोल्डर पेनड्राइव्हवर घालून सांखळीहून डिचोलीस नेला तरी नियम बरोबर जातात. या ओळीने बाकी काही बिघडेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. वर सांगितल्याप्रमाणे एकच बाब बदलते. अक्षरांच्या संकेताची नोंद वगैरे इतर बाबी खालून येत राहतात.

गोव्यात मात्र एका ओळीने काम पुरे होत नाही, कारण आपल्याकडे एका पृष्ठावर एकच भाषा क्वचित असते. १९८७ च्या राजभाषा अधिनियमाने देवनागरीतील कोंकणी ही राजभाषा झाली आणि शासकीय कामकाजासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. इंग्रजीचा वापर तर सर्वत्र आहे. एकाच गावाची पाटी मराठीत डिचोली, कोंकणीत दिवचल आणि इंग्रजीत बिचोलिम अशी वाचावी लागते. कोंकणी आणि मराठी यांची लिपी एकच असल्याने नुसती अक्षरे पाहून यंत्राला भाषा ओळखणे कठीण. कोंकणीची चिठ्ठी ‘के-ओ-के’ अशी आहे. तेव्हा पृष्ठाचा मुख्य मजकूर ज्या भाषेत असेल ती आरंभी नोंदवावी आणि इतर भाषेतील परिच्छेदावर त्या परिच्छेदापुरती वेगळी चिठ्ठी लावावी. पृष्ठाच्या आतही मग उतरंडीसारखाच न्याय चालतो: परिच्छेदाने स्वतःची भाषा सांगितली असेल तर ती, नाहीतर त्याला सामावणाऱ्या भागाची, आणि तीही नसेल तर संपूर्ण पृष्ठाची. ज्या संस्थांचा सारा व्यवहार कोंकणीत आहे त्यांनी प्रकल्पाच्या थरात अर्थातच कोंकणीची चिठ्ठी घालावी.

एक दक्षता शेवटी सांगावयाची राहिली. उतरंडीतील शोध होतो तो केवळ विस्ताराची कळ दाबण्याच्या क्षणी. एकदा संक्षेपाचा विस्तार झाला की तो साधा मजकूर होतो आणि त्याचा नियमांशी संबंध तुटतो. त्यामुळे आज सेटिंग दुरुस्त केले तरी पूर्वी तयार झालेल्या पृष्ठांवरील इंग्रजी चिठ्ठ्या तशाच राहतील. त्या एकेक पृष्ठ उघडून हाताने बदलाव्या लागतात. पृष्ठ ब्राउझरमध्ये उघडून त्याचा मूळ मजकूर पाहण्याची आज्ञा दिली की बहुधा दुसऱ्याच ओळीत ती नोंद सापडते. शाळेची किंवा पंचायतीची दहा-वीस पृष्ठे असली तर हे काम एका दुपारचे आहे, आणि सातवी-आठवीची मुले ते करू शकतील.